पिकअपच्या पट्ट्या

भांडी घासण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असा मला तेव्हा तोरा होता. माझ्या समईत तोंड दिसायचं. लालबागच्या आमच्या चाळीतल्या बायका सणाआधी आपल्या समया माझ्याकडे आणून द्यायच्या, आणि मीही मिरवून घ्यायची. त्या तोऱ्यानेच आमचा घात केला.

आमचे हे परळच्या एका बेकरीच्या पिकअपवर ड्रायव्हर होते. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ आणि सभा चालल्या होत्या, ते दिवस. गाडी जुनी, आठ वर्षं यांनीच चालवलेली. मालकांच्या मनात ती मोडीत काढून नवी घ्यायचं आलं. नवी गाडी त्यांचा भाचा चालवणार, म्हणजे यांची नोकरी गेलीच. मालक एवढंच म्हणाले होते, "दसऱ्याला पूजेच्या वेळी बघतो. चांगली दिसली तर ठेवू."

इंजिन ठणठणीत होतं. वाईट दिसायच्या त्या दोन्ही बाजूंच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, उन्हापावसाने पांढुरक्या पडलेल्या. तशा नव्या पट्ट्या कुठेच मिळेनात. शेवटी दसऱ्याच्या आदल्या दिवशी यांनी स्क्रू काढून त्या उतरवल्या आणि गोणपाटात गुंडाळून घरी आणल्या. खडूची पूड आणि मऊ फडकं माझ्यापुढे ठेवलं. सभेहून आलो की दोघं मिळून हळूहळू घासू, असं सांगून हे शिवाजी पार्कला गेले.

हळूहळू कशाला? तेलकट समई आम्ही आधी धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात घालतो, मग चिंचेने घासतो. मी घंगाळात सोडा टाकला आणि एकेक पट्टी आधी या टोकाने, मग त्या टोकाने बुडवत राहिले. पाण्याला फेस आला तशी मी खूश. घाण सुटतेय म्हटलं. माझ्या घरात ॲल्युमिनियमचं एक भांडं नव्हतं, हलकं म्हणून मी नाक मुरडायची; सोड्याने ते काळं पडतं हे मला कुठलं ठाऊक! पट्ट्या बाहेर काढल्या तर तव्यासारख्या काळ्या. चिंच लावली, राख लावली, नखं झिजवली. नुसते डाग उठले.

हे आले, पट्ट्या बघितल्या आणि उंबऱ्यातच बसले. "ह्यां काय केलंस गो?" एवढंच. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. पहाटे उठून यांनी पट्ट्यांना रुपेरी रंग दिला आणि त्या गाडीला बसवल्या.

दसऱ्याला बेकरीत कामगारांच्या घरच्यांनाही पेढे घ्यायला बोलवायचे, म्हणून मी तिथे होते. गाडीला झेंडूची माळ होती. मालकांनी कुंकू लावलं आणि मागे होताना त्यांचा हात पट्टीला टेकला. रंग अजून ओला होता. तळवा रुपेरी झाला.

मालक हाताकडे बघून हसले. "अरे, रंग फासून गाडी नवी होते काय?"

भाचाही हसला. यांनी खिशातला रुमाल काढून मालकांपुढे धरला. मला ते बघवेना.

नोकरी गेली. कुणी विचारलं तर हे सांगायचे, गाडी म्हातारी झाली होती. माझं नाव यांनी कधी घेतलं नाही, आणि तेच मला जास्त लागायचं. महिनाभरात दिवाळी आली. मी समई घासायला घेतली, तर हे खाटेवरूनच म्हणाले, "ऱ्हवां दे गो. आसा तशी बरी आसा."

मी हातातली चिंच मोरीत टाकली आणि समई तशीच, तेलकट, देव्हाऱ्यात ठेवली.