लाल फडकं

त्याला सगळे खातरजमा म्हणत. तोंडावर ‘खातरजमाभाऊ’ आणि पाठ फिरली की नुसताच खातरजमा. दुकानदाराने तागडी धरली की हा खाली वाकून पारड्याच्या बुडाला काही चिकटवलंय का ते बघणार. डॉक्टरने गोळी दिली की ती दुसऱ्या डॉक्टरला दाखवणार, आणि दोघांचं एकमत झालं तर दोघे आतून मिळालेले आहेत म्हणून गोळी फेकून देणार. लग्न ठरलं तेव्हा त्याने सासऱ्याच्या आळीत घरोघर चौकशी केली होती. बायको अजून सांगते, “माझी चौकशी झाली, यांची कुणी केली नाही. तिथेच मी फसले.”

पण माणूस कष्टाळू, हे कबूल करायलाच हवं. पाटाकडेच्या ओसाड तुकड्यात त्याने स्वतः राबून मासळीचं तळं उभं केलं. बांध खचला, पुन्हा रचला. मासे मेले, पुन्हा सोडले. तळ्याचा जम बसल्यावर त्याने ट्रकवर असलेल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. “दुसऱ्याची गाडी किती हाकणार? माझ्या खालच्या अंगाला तळं खोद, मी आहे.” धाकटा दादाच्या शब्दाबाहेर कधी गेला नव्हता. त्याने नोकरी सोडली, बिऱ्हाड आणलं, तळं खोदलं आणि त्यात आयुष्यातली पहिली बोटुकली सोडली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. आता त्याच्या घरची चूल त्या पिल्लांच्या जिवावर पेटायची होती.

पाटावर आजूबाजूच्या गावांची आणखीही तळी होती. मत्स्य खात्याच्या अधिकारी बाईंनी एकदा सगळ्यांना शाळेच्या वर्गात बसवलं. मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांत गुडघे कोंबून बसली. बाईंनी फळ्यावर पाट काढला आणि साऱ्या टापूची मिळून एक योजना मांडली. बोटुकली सगळ्यांनी एकाच ठिकाणची घ्यायची. पाणी पाळीने घ्यायचं. आणि कुणाच्या तळ्यात रोग दिसला तर त्याने पाटाकडचं दार बंद करून त्यावर लाल फडकं बांधायचं. फडकं सुटेपर्यंत तिथे कुणी जाळं टाकायचं नाही.

“पाणी दाराने अडतं,” बाई म्हणाल्या, “पण ओलं जाळं खांद्यावर बसून कुठेही जातं. एका तळ्यातलं जाळं कडक उन्हात वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात घालू नका.”

खातरजमा मागच्या बाकावरून पुटपुटला, “माझ्या घरात कोण आजारी ते मी गावभर सांगू? हा सहकार म्हणे! हा तर एकमेकांवर पहारा.” पण सगळ्यांनी माना डोलावल्या, म्हणून त्यानेही डोलावली.

पहिलं फडकं बांधलं ते मास्तरीणबाईंनी. शाळेतून निवृत्त झालेली ही बाई, तिचं तळं याच्या वरच्या अंगाला. सकाळी दात घासत तो बांधावर आला, समोर तिच्या दारावर लाल फडकं फडफडताना पाहिलं आणि त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आपली फजिती कोण आपणहून वेशीवर टांगतो? साधा ठेचकाळलेला पायसुद्धा महिनाभर लपवून ठेवील, अशी ती मानी बाई. मग हे सोंग कशासाठी? विचार करता करता त्याला उलगडा झाला. मासे चांगले पोसलेत. कुणी बघू नये, कुणाची नजर पडू नये, व्यापारी आधी आपल्याकडे यावा, म्हणून रोगाची हूल उठवलीय!

चहाच्या टपरीवर त्याने हे सांगितलं, तेव्हा सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी तेच जण हळूच विचारू लागले, “खरंच का हो?” धाकट्याला तर त्याने बजावूनच ठेवलं, “लाल फडकं दिसलं की समजायचं, आत माल आहे.”

“दादा, पण खात्याच्या बाई म्हणाल्या होत्या...”

“बाईंना पगार मिळतो. तुला मासे विकायचेत.”

शंका आली की त्याला जेवण गोड लागत नसे. भर दुपारी, मास्तरीणबाई तालुक्याला गेल्यात हे हेरून, तो आपलं फेकायचं जाळं घेऊन तिच्या बांधावर उतरला. कोपऱ्यात जाळं टाकलं, ओढलं. तळहातावर मासा आडवा धरला. खवले लखलखीत, कल्ले लालबुंद, अंगावर डाग म्हणून नाही. “वा रे मास्तरीण!” तो मोठ्याने म्हणाला. हर्ष तर असा झाला की रागवायचंही राहून गेलं. मग त्याला वाटलं, आपले मासे याच्यापेक्षा मोठे की लहान? अंगात वारं शिरल्यासारखा तो घरी आला आणि पाणी निथळत असलेलं तेच जाळं आपल्या तळ्यात भिरकावलं. मासे जवळपास सारखेच निघाले, आणि त्या रात्री त्याला छान झोप लागली.

काही दिवसांनी त्याच्या तळ्यात एक मासा कडेला येऊन तिरका पोहू लागला. उचलून पाहिला तर पोटाजवळ लाल चट्टा. मग दुसरा. मग सकाळी बांधाशी पांढरी पोटं वर करून तरंगणारे कितीतरी. पहिला संशय मास्तरीणबाईवर: बदला घेतला हिने! पण तिचं दार तर बंद होतं, पाणी आलंच नव्हतं. जाळं खुंटीवर टांगलेलं होतं. त्याकडे बघता बघता त्याला सगळं उमगलं. त्याच्या तळ्यात रोग सोडायला कुणी आलं नव्हतं. तो स्वतःच ओल्या जाळ्यातून रोग घेऊन आला होता.

एक दिवस त्याने गुपचूप चुन्याचं पाणी मारून पाहिलं. लाज वाटत होती, फार वाटत होती. पण खाली धाकट्याचं तळं होतं. शेवटी त्याने कपाटातून जुनी लाल चादर काढली, टर्रकन फाडली आणि दारावर बांधली.

टपरीवाल्याने दुरूनच डोळा मारला. “काय खातरजमाभाऊ, पोसले वाटतं?”

“रोग आहे. खरंच आहे.”

“आहे हो, आहे!” आणि बाकावरचे सगळे खो खो हसले. त्याने शपथ घेतली, तसं हसणं आणखी वाढलं.

तो तसाच धाकट्याकडे निघाला. दारात भावजय धान्य पाखडत होती. “हे तुमच्याकडेच गेलेत,” ती म्हणाली. “जाळं घेऊन. म्हणाले, दादाने फडकं बांधलंय, बघून येतो.” आणि पदर तोंडाशी धरून हसली.

तो घरामागे धावला. धाकटा आपल्या तळ्याच्या पलीकडच्या बांधावर आडवाटेने नुकताच येऊन उभा होता. खांद्यावरच्या जाळ्यातून त्याच्या सदऱ्यावर पाणी गळत होतं.

“दादा! काय लबाड आहेस रे! दोन काढले तुझ्या तळ्यातले. काय चमकतायत!”

“टाकू नकोस!” मधे सारं तळं होतं. “अरे रोग आहे! मी आणलाय तो, माझ्या हाताने! तुझ्या पाया पडतो, ते जाळं खाली ठेव!”

धाकटा हसला. लहानपणापासून दादाकडे बघून हसायचा तसंच, कौतुकाने.

“तूच शिकवलंस ना, सांगण्यावर जायचं नाही म्हणून,” तो ओरडून म्हणाला. “थांब, माझे किती वाढलेत तेवढं बघतो.”

त्याने कमरेतून वळून हात फिरवला, आणि जाळं गोल उघडत पाण्यावर पडलं.