नाराला पोचवायचा निरोप

आमच्या ह्यांचा जीव ज्या गावात अडकलाय, त्या गावात ह्यांनी उभ्या आयुष्यात जेमतेम दोन तास काढलेत. नारा. जपानमधलं. सिंगापुरात वुडलँड्सच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर त्या नाराचा भलामोठा नकाशा आहे, आणि पोटच्या पोरीचा, रुचिराचा, पदवीचा फोटो फ्रिजवर लोहचुंबकाने चिकटवलाय. मी बोलून बोलून थकले, मग नाद सोडला.

तो नकाशा आता मलाही पाठ झालाय. भोवती डोंगर, मधे सपाट खोरं, समुद्राचा पत्ता नाही. रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ, उत्तरेला जुन्या राजवाड्याची मोकळी जागा, आणि पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी ते मोठं बुद्धविहार. साडेबाराशे वर्षांपूर्वी ही जपानची राजधानी होती, ती सत्तरेक वर्षं. मग राजाने बिऱ्हाड हलवलं, आणि मागे राहिली विहारं आणि गावातून मोकळी हिंडणारी हरणं. घरी कुणी जेवायला आलं की हे वाढलेलं ताट सोडून नकाशापाशी उभे राहतात. लोक बिचारे माना डोलावतात आणि भाजी गार होते.

हे म्हणजे रविंद्र. माणूस नागपूरचा. विशीपर्यंत अंबाझरी तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही, आणि झाले मरीन इंजिनिअर. तीस-बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, शेवटी चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. सिंगापूर बंदरातून जहाज पकडायला सोपं, म्हणून आम्ही इथे आलो आणि इथलेच झालो.

नाराचं खूळ मुळात मामंजींचं, म्हणजे ह्यांच्या वडिलांचं. गिरणीत कामाला होते. छप्पन साली दीक्षाभूमीवर उभं राहून धम्मदीक्षा घेतलेला माणूस. मिळेल ते वाचायचे. कुठल्याशा पुस्तिकेत त्यांना सापडलं की नाराला ब्राँझचा प्रचंड बुद्ध घडवला, तेव्हा त्याचे डोळे रंगवायचा मान आपल्याकडच्या एका भिक्खूला मिळाला. बोधिसेन त्याचं नाव. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचा हात. हे सांगताना मामंजींचा आवाज दर वेळी भरून यायचा. बुद्ध इथून तिकडे गेला आणि आपल्याच घरातून हरवला, याचं त्यांना फार लागलेलं. मुलगा पहिल्यांदा जहाजावर निघाला तेव्हा सगळ्यांच्या आया लोणची-पापड देतात. मामंजींनी निरोप दिला. म्हणाले, "नाराला जा. त्याच्या डोळ्यांत बघ आणि जयभीम सांग. म्हणावं, आम्ही परत आलोय."

आता ओसाका बंदरापासून नारा किती लांब? सिंगापूरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, फार तर तेवढं. ह्यांचं जहाज ओसाकाला अकरा वेळा लागलं. पण इंजिनवाल्यांचं नशीबच वाकडं. समुद्रात इंजिन चालू असतं, म्हणून ते उघडता येत नाही. ते बंद असतं बंदरात, म्हणून उघडायचं तेव्हाच. वरचे डेकवाले इस्त्रीचे शर्ट घालून गाव बघायला जायचे आणि हे खाली कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. खलाशांच्या क्लबातून कुणीतरी नाराची माहितीपत्रकं आणून द्यायचं, तीच हे घरी आणायचे. मी साडीची वाट बघत असायची, आणि निघायची पत्रकं.

त्र्याण्णव सालच्या जानेवारीत मात्र एका दुपारी सुटी मिळाली आणि हे नाराला जाऊन आले. मामंजींना काय आनंद झाला होता. नागपुरात विहाराविहारात सांगत फिरले, पोराने निरोप पोचवला म्हणून. पुढे आठ वर्षांनी ते गेले ते त्या समाधानात.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी मिळून नाराला जायचं, हे ठरलेलंच होतं. मग कोविड आला, मग माझे गुडघे, मग रुचिराचं बाळंतपण. आपण तरी काय, पुढच्या वर्षी म्हणायला आपलं काय जातं. तेवढ्यात ह्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. काचबिंदू, नोकरीत असल्यापासूनचा. त्यात बाजूचं दिसणं आधी जातं आणि समोरचं शाबूत राहतं, म्हणून जहाजावर चढण्यापूर्वीच्या मेडिकलला हे दर वेळी तक्त्यावरची अक्षरं खाडखाड वाचून पास. बाजूचं कमी दिसतंय हे ह्यांना कळत होतं, पण कॉन्ट्रॅक्ट जाईल म्हणून तोंडातून ब्र काढला नाही. घरात खांदा दाराला आपटायचा, पेला लवंडायचा, आणि मी तोंड सोडायची की जरा बघून चालत जा. ते आठवलं की आता मलाच माझ्या जिभेचा राग येतो.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सरळ सांगितलं की डावा गेलाय आणि उजवा किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. ह्यांनी घरी येऊन एकच विचारलं, नारा कधी? रुचिराने नोव्हेंबरची तिकिटं काढली. ह्या माणसाने मग उजवा डोळा जपून वापरायला घेतला. टीव्ही बंद, पेपर बंद. सेरंगूनला मॉलमध्ये गेलो तर डोळे मिटून माझा दंड धरून चालायचे. म्हणायचे, इथे बघण्यासारखं काय आहे? मी हसायची, पण आतून तुटायची.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी हे जेवणाच्या टेबलाशी बसून म्हणाले, ट्यूब लाव जरा. ट्यूब चालूच होती. खिडकीतून ऊनही आलं होतं. मी काही बोलले नाही, आणि माझ्या न बोलण्यावरून ह्यांना कळलं.

डॉक्टर, तपासण्या, सगळं झालं. हाती काही लागलं नाही. रुचिरा रडली, मग डोळे पुसून म्हणाली की बाबांना एअरपोर्टवर, ट्रेनमध्ये, त्या गर्दीत कशाला दमवायचं, कॅन्सल करूया, रिफंड मिळेल. मलाही पटलं. खोटं कशाला बोलू, मला धास्ती वाटत होती. मी म्हटलं, अहो, तुम्ही एकदा बघून आलात ना, तेच डोळ्यांपुढे ठेवा.

ह्यांनी माझा आवाज आला तिकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "मी बघितलेलं नाही, कुमुद."

त्र्याण्णव साली जनरेटरचं काम आवरेपर्यंत तीन वाजले होते. ट्रेन चुकवत, वाट विचारत हे विहारापाशी पोचले तेव्हा पाच वाजून गेले होते. थंडीच्या दिवसांत लवकर बंद करतात. दार लागलेलं. हे दोन तास बाहेर हरणांत उभे राहिले, आणि रात्रीच्या पाळीला परत जहाजावर. आणि मग नागपूरला फोन लावला. मामंजींनी विचारलं, डोळे कसे आहेत? ह्यांनी सांगून टाकलं, उघडे आहेत बाबा, थेट आपल्याकडे बघतात.

"त्यांनी ते जाईल तिथे सांगितलं," हे म्हणाले. "शेवटच्या आजारपणातसुद्धा मला पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावायचे. मी सांगत राहिलो."

एवढी वर्षं माझ्या शेजारी झोपणाऱ्या माणसाने हे एकट्याने वाहिलं. मला राग यायला हवा होता. पण मी फक्त ह्यांचा हात धरून बसले.

मग हे म्हणाले की निरोप द्यायला डोळे लागत नाहीत, तोंड आहे. पण आधी त्याच्या डोळ्यांत बघायचंय, ते आता तू बघ आणि मला सांग. मिटलेले असले तर मिटलेले सांग, कुठे दुसरीकडेच बघत असला तर तसं सांग. मला बरं वाटावं म्हणून पदरचं काही लावू नकोस. मी म्हटलं, सांगेन की.

"आत्ता सांगून दाखव. माझे डोळे कसे दिसतात?"

छान दिसतात, पहिल्यासारखेच, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. खुर्ची ओढून समोर बसले आणि नीट बघितलं.

"उघडे आहेत," मी म्हटलं. "पण माझ्याकडे बघत नाहीत."

ह्यांनी हळूहळू मान हलवली.

"जमेल तुला," हे म्हणाले. "तिकिटं आहेत तशी राहू देत."