वरच्या मजल्यावरची संसद

सरकार पडलं की ज्याला कडकडून भूक लागते असा माणूस या पृथ्वीतलावर एकच, आणि तो नेमका जपानात, सेंदाईत, आमच्या डोक्यावर राहायला आला. भूकंपानंतर आमच्या इमारतीतली बरीच परदेशी कुटुंबं सामान आवरून निघून गेली होती. त्या रिकाम्या घरांपैकी एका घरात हे सर आले. मूळचे साताऱ्याचे, वय पन्नाशीचं, लग्नाच्या भानगडीत न पडलेले, आणि विद्यापीठात संशोधनाचा विषय काय, तर पॅसिफिक महासागरातल्या एका चिमुकल्या बेटराष्ट्राची आघाडी सरकारं! तिथे खासदार पन्नासेक आणि पक्ष डझनावारी. बहुमत कुणालाच नाही, आणि सकाळी सत्तेत असलेला खासदार दुपारच्या जेवणापर्यंत विरोधात. अविश्वास ठराव मंजूर झाला रे झाला की सर आमच्या दारात उभे. "वहिनी, पडलं! पोहे टाका."

या माणसाला जगात दुसरं काही दिसायचंच नाही. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या बैठकीत मोदक की शिरा यावरून वाद पेटला, तर सरांनी मोदकवाल्यांतले तिघे फोडले आणि त्यांना अनुक्रमे आरास खातं, भांडी खातं आणि चपला खातं देऊन टाकलं. वर आम्हालाच शहाणपण, "खुर्च्या वाटल्याशिवाय आघाडी टिकत नाही."

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. माझं दुखणं वेगळं होतं. माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची, आमच्याशी मराठीत बोलायची नाही. मी मराठीत विचारायचो, ती जपानीत उत्तर द्यायची. मी गोष्टी वाचल्या, बाराखडीचे तक्ते लावले, आइस्क्रीमची लाचही देऊन पाहिली. आणि या सरांनी काय केलं? इथे कचरा वेगळा करताना प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं निराळी काढायची असतात. ती रंगीबेरंगी झाकणं त्यांनी साठवली, एकेक झाकण म्हणजे एकेक खासदार ठरवला आणि टेबलावर संसद मांडली. काही महिन्यांत माझी कन्या वर बसून खणखणीत मराठीत विचारत होती, "काका, हा हिरवा परत पळाला? त्याला मत्स्य खातं दिलं होतं ना तुम्ही?" जिन्यात उभ्या उभ्या मी ते ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला 'पाणी दे' एवढं मराठीत म्हणत नाही, आणि तिकडे मत्स्य खातं!

मग मी काय केलं ते सांगतो, लपवत नाही. सर परिषदेसाठी टोकियोला गेले, तेव्हा झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेले. मी झाडांना पाणी घातलं आणि अख्खी संसद पिशवीत भरून सुपरमार्केटच्या दारातल्या झाकणांच्या पेटीत ओतून आलो. ते परतल्यावर म्हटलं, "कचरा समजून टाकली हो." सरांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "हरकत नाही," ते म्हणाले, "सभागृह बरखास्त झालं. आता निवडणूक घेऊ." त्या निवडणुकीसाठी नवी झाकणं जमवत काका-पुतणी दोन महिने सायकलवरून गावभर हिंडली, आणि मी खिडकीतून जळफळत बघत बसलो.

गेल्या वसंतात त्यांची नेमणूक संपली आणि ते त्या बेटावरच शिकवायला गेले. मला सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आमच्या घरात पुन्हा जपानी सुरू झालं. आता मुलीचं मराठी कानावर पडतं ते फक्त रविवारी, त्यांचा फोन येतो तेव्हा. मी हातातलं काम टाकून नुसता ऐकत उभा राहतो. मागच्या रविवारी तिकडे पुन्हा ठराव आला होता. मुलगी बोलता बोलता थांबली, फोन छातीशी धरून माझ्याकडे वळली.

"बाबा, काका विचारतायत, तू कुणाच्या बाजूने?"

तिने मला मराठीत विचारलेला हा पहिला प्रश्न. तिथल्या एकाही पक्षाचं नाव मला धड ठाऊक नव्हतं. ती उत्तरासाठी थांबली होती.

"काकांच्या," मी कसंबसं म्हटलं.