विषय: बापूरावांच्या जीपचे मीटर खरे करणेबाबत

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, वालूरचे शेतकरी श्री. बापूराव यांनी आपल्या फोर-बाय-फोर जीपला मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविले असून, ही बाब जीपच्या कॉम्प्युटरला अद्याप कळविण्यात आलेली नाही. परिणामी जीपचे मीटर वेग व अंतर दोन्ही कमी दाखविते. परिणामी बापूरावांच्या पत्नी जीपमध्ये बसत नाहीत.

टिपणी इथं संपली. कचेरीत कागद साचले की त्यांना निदान दोरी तरी बांधता यायची. निवृत्तीनंतर मी संध्याकाळी देवगाव फाट्यावर सलीमभाईंच्या गॅरेजात जाऊन बसतो. मी, बापूराव, महादेवाच्या देवळातले गुरुजी आणि स्वतः सलीमभाई. तिथं जे साचतं ते कुठल्याच दोरीत मावत नाही. एकट्या या जीपचंच बघा!

* * *

जीप घ्यायला कारण झाला बापूरावांचा मेहुणा. वहिनींचं माहेर चारठाण्याचं. बापूराव त्यांना घेऊन गेले की मेहुणा दारातच विचारायचा, "या दाजी! आज कोणच्या एसटीनं आलात?"

एवढ्या एका प्रश्नाला उत्तर म्हणून बापूरावांनी जीप घेतली. वहिनींना शेजारी बसवून मेहुण्याच्या दारात हॉर्न वाजवायचा, बस्स! दुसरी इच्छा नाही.

पण चारठाण्याला जायच्या आधीच पावसाळा लागला आणि जीप काळ्या रानात रुतली. चारी चाकं फिरायची आणि जीप जागेवर. शेवटी शेजाऱ्याची बैलजोडी आणून ओढून काढली.

"साहेब, ओढल्याचं काही न्हाई," बापूराव मला म्हणाले. "पण जाताना त्या बैलानं वळून बघितलं. ती नजर सहन झाली न्हाई!"

त्याच आठवड्यात मोठे टायर आले.

* * *

टायरची पूजा गुरुजींनी केली. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बापूरावांनी जीप पुढं घेतली.

टायरच्या नक्षीत एवढाल्या खाचा, की लिंबू एका खाचेत जाऊन बसलं आणि एक फेरा मारून साबूत बाहेर पडलं!

सगळे गुरुजींकडं बघायला लागले. गुरुजींनी लिंबू उचललं, उपरण्याला पुसलं आणि पिशवीत टाकलं.

"गाडी सात्त्विक हाय," ते म्हणाले. "सरबताला होईल."

* * *

मग वालूरहून सेलूला जाताना बापूरावांच्या लक्षात आलं की मीटरवर अंतर कमी पडायलंय. आनंदानं गॅरेजात आले. "सलीमभाई, सेलू जवळ आलं!"

"सेलू जागेवरच हाय, बापूराव," सलीमभाई म्हणाले. "चाक मोठं झालं. एका फेऱ्यात गाडी जास्त जायलीय, पण कॉम्प्युटर जुन्याच चाकाच्या हिशेबानं मोजायलाय. ते बिचारं अजून शोरूममधीच हाय!"

बापूरावांनी हे कौतुकानं घरी सांगितलं. तिथंच चुकलं. वहिनींनी शाळेत आयुष्यभर गणित शिकवलेलं. उत्तर जवळपास बरोबर आलं तरी त्या भोपळाच द्यायच्या.

"म्हणजे गाडी खोटं बोलती," वहिनी म्हणाल्या. "ती खरं बोलायला लागली की सांगा. मग बसते."

* * *

बापूराव तरीही जीप चालवतच होते. एकदा रस्त्यात पोलिसानं थांबवलं. वेग मर्यादेच्या वर.

"साहेब, मीटर बघा की! काटा मर्यादेबाहेर गेलाच न्हाई!"

पोलिसानं डोकं आत घालून मीटर बघितलं. मग टायर बघितले. "काका," तो म्हणाला, "गाडीला काय वाटतं त्याच्यावर चलान निघत न्हाई."

ही बातमी वहिनींपर्यंत पोचणार नाही अशी व्यवस्था बापूरावांनी केली होती. पण तो पोलीस वहिनींचाच विद्यार्थी निघाला. त्यानं फोन करून बाईंची माफी मागितली!

* * *

आम्ही जीप घेऊन परभणीला कंपनीच्या वर्कशॉपात गेलो. टाय घातलेल्या इंजिनिअरनं लॅपटॉप जोडला, बराच वेळ स्क्रीन खालीवर केली आणि मान हलवली.

"सर, सिस्टीममध्ये हा साइज नाहीये."

"अरे, हा काय इथं उभाय!" बापूरावांनी टायरला लाथ मारून दाखवली.

"इथं आहे सर. सिस्टीममध्ये नाहीये."

मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. मुख्यालयाची मंजुरी लागेल, असं कळलं. अर्जाचा मसुदा मी तिथंच बसून केला. सोबत टायरचा फोटो जोडला. फोटोत शेजारी बापूराव आहेत, फेटा बांधून.

काही दिवसांनी उत्तर आलं: 'अर्जात नमूद टायरचे माप गाडीच्या मूळ मापाशी जुळत नाही. सबब खुलासा सादर करावा.'

माप जुळत नाही म्हणून तर अर्ज! इतकी देखणी त्रुटी आमच्या कचेरीतसुद्धा कुणी काढली नव्हती. मी ते उत्तर दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा निव्वळ आनंदासाठी.

* * *

सलीमभाईंचा धीर सुटला. त्यांनी कुठूनतरी स्टिअरिंगखाली जोडायचं एक यंत्र आणलं. त्यात फक्त चाकाचा घेर भरायचा. टायरवर खडूची खूण केली, जीप ढकलायची आणि खूण पुन्हा जमिनीला लागली की गुरुजींनी "थांबा" म्हणायचं असं ठरलं. गुरुजींनी सांगितलं तिथं थांबलो, टेपनं मोजलं, आकडा भरला.

बापूराव गावात शिरले आणि जीपमधली, वेग ऐंशीच्या वर गेल्याची शिटी बोंबलायला लागली. काटा ऐंशीवर, आणि शेजारून ट्रॅक्टर ओव्हरटेक करून गेला!

"गुरुजी, चाक किती वेळा फिरू दिलं?" सलीमभाईंनी विचारलं.

"दोनदा," गुरुजी म्हणाले. "माणूस कधी एकच प्रदक्षिणा घालतो का?"

आकडा दुरुस्त करायला गेले तर यंत्र कंपनीचा पासवर्ड मागायला लागलं. शेवटी यंत्र काढलं, तेव्हा जुना आकडा तेवढा परत आला आणि मीटर पुन्हा कमी दाखवायला लागलं.

वहिनींना कळलंच. "आधी कमी सांगायची, मग वाढवून सांगायला लागली," त्या म्हणाल्या. "मालकावर गेलीय."

* * *

मध्यंतरी चारठाण्याला मेहुण्याच्या नातवाचं बारसं झालं. बापूरावांनी जीप धुतली, हार घातला. वहिनींनी बाळंतविडा, मिठाईचे पुडे आणि पाळण्याची खेळणी जीपमध्ये ठेवली आणि स्वतः एसटीत बसल्या. पुढं एसटी, मागं सामानाची जीप. एसटी थांबेल तिथं जीप थांबायची.

फाट्यावर एसटी थांबली तेव्हा आम्ही गॅरेजातच होतो. बापूराव जीपमधून उतरून तडक एसटीच्या दारात चढले. वहिनी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर. बापूरावांची नजर ड्रायव्हरच्या पुढ्यात गेली आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगं, हिचं तर मीटरच बंद हाय! त्याला काटाच न्हाई!"

वहिनींनी वाकून बघितलं.

"गप्प हाय ती," वहिनी म्हणाल्या. "खोटं तर बोलत न्हाई."

कंडक्टरनं घंटी मारली. बापूराव उतरले आणि जीप घेऊन मागं निघाले.

बापूरावांचा खुलासा मुख्यालयास सादर करण्यात आला आहे. अर्ज प्रलंबित आहे.