भिकनच्या छातीवरचा बिल्ला

चांदवड तालुक्यात गनमॅन लय असतील, पण आमच्या भिकनसारखा एक नाय. धाकटा भाऊ हाय म्हणून सांगत नाय. मी सातवीत शाळा सोडली, त्याला बारावी केला. बंदुकीच्या लायसनसाठी दोन वर्षं कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या मीच झिजवल्या. भिकन रोज सकाळच्या एसटीनं नाशिकला जायचा, एका सराफाच्या दारात दिवसभर उभा राहायचा. आठ वर्षांत एक बार काढला नाय. घरी आला की बंदूक पुसायची, कपाटात ठेवायची, किल्ली कमरेला. बोलणं एवढंच, "दादा, जेवला का?"

मागल्या वर्षी पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा उठली. स्टँडवर कोणाला तरी खोळीतून बंदुकीची नळी दिसली अन् गर्दीनं भिकनला घेरलं. लायसन काढायला हातसुद्धा मोकळा सोडला नाय. पोलीस येईस्तोवर ओठ फाटला होता.

माझं डोकंच फिरलं. कंडक्टरला बिल्ला हाय, हमालाला बिल्ला हाय, मग बंदूकवाल्याला का नाय? नंबरप्लेटवाल्याकडून जाड पितळी बिल्ला करून आणला. 'परवानाधारक शस्त्रधारी, भिकन सहादू गांगुर्डे.' खंडेनवमीला बंदुकीला हळदकुंकू वाहिलं अन् बिल्ला माझ्या हातानं त्याच्या छातीवर टाचला.

"दादा, हे सरकारनं द्यायचं असतं."

"सरकार देईल तवा देईल. तवर मी देतो!"

एसटीत लोक त्याला जागा द्यायला लागले. मी टपरीवर सांगायचो, सगळ्या बंदूकवाल्यांना बिल्ला पायजे, कायदाच करा.

एका संध्याकाळी भिकन बिल्ला खिशात घालून आला. "एक माणूस रोज एसटीत शेजारी येऊन बसतो. करडा शर्ट. बिल्ल्यावरचं नाव मोठ्यानं वाचतो. काडतुसं किती मिळतात म्हणून विचारलं. आज आपल्याच फाट्यावर उतरला."

"उतरू दे की! घाबरतो काय?"

"बिल्ला कोण वाचतंय ते आपल्या हातात नाय, दादा."

मी त्याला भित्रा म्हणालो, त्याच्या बायकोसमोर, मीनासमोर. त्यानं बिल्ला खिशातून काढून परत लावला.

मग निवडणूक लागली. आचारसंहितेत लायसनच्या बंदुका पोलिसात जमा कराव्या लागतात. भिकननं जमा केली, पावती घेतली. सराफ शेठनं हातात काठी देऊन उभा केला.

दोनच दिवसांनी टपरीवर एक अनोळखी माणूस माझ्याजवळ सरकला. करडा शर्ट. मला तेव्हाच कळायला पायजे होतं.

"बंदूकवाल्याचे मोठे भाऊ ना तुम्ही? बंदूक तर पोलिसांनी नेली म्हणे. आता नुसता बिल्लाच का?"

सगळी टपरी हसली. ते मला सोसलं नाय.

"गांगुर्ड्यांची बंदूक नेणारा अजून जन्माला यायचाय," मी म्हणालो. "घरात हाय, कपाटात!"

तो हसला नाय. नुसती मान हलवली अन् गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीना पळत शेतात आली. "मोठे दादा, गाडीवर दोघं आले होते. म्हणाले, दादांनीच सांगितलं, बंदूक कपाटात हाय, बघायचीय. मी दार लावून घेतलं. परत येऊ म्हणाले."

पोलिसांत सांगितलं. त्यांनी गाडीचा नंबर विचारला. नंबर कोणी पाहिलाय?

भिकननं बिल्ला काढून कपाटात ठेवला. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बंदूक इथं नाय. पोलिसात जमा हाय.' त्यानं तो दारावर ठोकला, खाली पावतीची झेरॉक्स चिकटवली. मी अजून म्हणतो, बंदूकवाल्याला बिल्ला पायजे. पण तो पोलिसाला दिसावा, अख्ख्या एसटीला नाय.

भिकन कामावर जातो तवा आता मी त्याच्या दारात कुऱ्हाड घेऊन बसतो. काल भर दुपारी गाडी आली. करड्या शर्टानं न उतरता पुठ्ठा वाचला.

"केरूदादा, पाटी खरी का तुमचं बोलणं खरं?"

माझं नाव बिल्ल्यावर नव्हतं.

"पाटी खरी," मी म्हणालो. "मी खोटं बोललो." जन्मात पहिल्यांदा तोंडातून असं निघालं.

"छे! गांगुर्डे कुठं खोटं बोलतात?" त्यानं घराच्या खिडकीतून आत कपाटाकडं पाहिलं अन् सावकाश गाडी वळवली.

आतून मीनानं कडी घातली. बंदूक परत मिळायला अजून अकरा दिवस हायेत.