दुधातून येत नाही

प्रवासवर्णन लिहायला माणसाने पुष्कळ फिरलेले असावे. मी फिरलेलो नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि पुण्याच्या पुढे गेलो तो या एकाच कामासाठी. तेव्हा हे लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कुणीही विचारावे. वाचकांनी माफ करावे. परत आल्यावर आईने विचारले, "काय पाहिलंस?" आणि मला काही सांगता आले नाही. म्हणून लिहून पाहतो आहे.

मी एम.एस्सी.ला होतो. आमचे सर मेंदूच्या आनुवंशिक आजारांचा अभ्यास करत. त्यांतल्या एका आजारात तिशी-पस्तिशीनंतर हातपाय आपोआप हलू लागतात, बोलणे अडखळते, स्वभाव चिडका होतो आणि पुढे सगळ्याचाच विसर पडतो. औषध नाही. दिग्रसच्या एका डॉक्टरांनी अशा एका घराची माहिती कळवली होती. तिथून रक्ताचे नमुने आणायचे होते. निघताना सर म्हणाले, "निदान सांगणं आपलं काम नाही. पण कुणी सरळ विचारलं, तर खोटं बोलू नकोस."

वर्ध्याला उतरून यवतमाळची एसटी धरली. जानेवारीची सकाळ होती. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाची माणसे उतरली आणि गाडी अर्धी रिकामी झाली. पुढे रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या दिसू लागल्या. लांबून मला तो मोहर वाटला. जवळ गेल्यावर कळले, भरल्या गाड्या जिनिंगला (सरकी काढण्याच्या कारखान्यात) जाताना काट्यांना घासून कापूस अडकला होता.

शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "कोणत्या पेपरचे?"

"पेपरचा नाही."

"मंग सर्वेवाले. कोणाच्या घरी कोण मेलं, थे लिहून नेता." ती कापसाची वाईट, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची वर्षे होती. बाहेरचा माणूस जिल्ह्यात येई तो बहुधा तेवढ्याचसाठी. मी म्हणालो, मी एका आजारासाठी आलो आहे. बाबांनी माझ्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिले. "अन् याच्यात काय, कुल्फी हाय?"

"बर्फ आहे."

"एवढ्या थंडीत बर्फ घेऊन फिरणारा मानूस पहिलाच पाह्यला." मागचे दोघे हसले. मीही हसलो. त्यानंतर गाडीत कुणी परके राहिले नाही.

दारव्ह्यावरून दिग्रसला पोचायला दुपार झाली. बाजारात जिनिंगची घरघर आणि हवेत बारीक तंतू. ज्या घराची माहिती आली होती, त्या घरातल्या इकबालचे मोटरसायकलचे गॅरेज स्टँडजवळच होते. पंचविशीतला, बारीक मिशीचा, बोलका माणूस. मला पाहून त्याने ग्रीसचे हात पुसले आणि दोन्ही पंजे माझ्यापुढे पसरून धरले.

"पाहा डॉक्टरसाब. हलते काय?"

"मी डॉक्टर नाही," मी म्हणालो. हात दगडासारखे स्थिर होते.

"आमच्या अम्मीले होतं. आता आर्नीच्या आपाले, मोठ्या बहिनीले हाय. मले नाई होत. मी नसीमबाजीच्या घरचा हाव." मला त्याचा अर्थ कळला नाही. ईदनंतर त्याचा निकाह ठरला होता, मुलीचे नाव शाहीन, हेही त्याने चहा येण्याआधीच सांगून टाकले. "मले माही काळजी नाई. तुम्ही नसीमबाजीकडे पाहा. थे शादीच करून नाई राह्यली."

नसीमबाजी इकबालच्या शेजारच्याच घरात राहत. इकबालपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठ्या, शिवणकाम करणाऱ्या. त्यांनी मला आधी जेवायला बसवले. सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी आणि ज्वारीची भाकर. भाजी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांत पाणी आले.

"रडून काहून राह्यले भाऊ? अजून तं सुई टोचली नाई," नसीमबाजी म्हणाल्या.

जेवणानंतर मी कागद काढला. आमच्या कामात आधी वंशवृक्ष काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आत काळे करायचे. मी इकबालला भावंडे विचारली.

"रेहाना आपा, मंग नसीमबाजी, मंग मी."

मी दोन वर्तुळे आणि एक चौकोन काढला. आपांचे वर्तुळ काळे केले. नसीमबाजींचे जन्मसाल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "माही अम्मी अलग हाय ना. मी या घरची, थो त्या घरचा."

मग उलगडले. नसीमबाजी जन्मल्या तेव्हा त्यांच्या आईला टायफॉइड झाला होता. शेजारच्या मेहरुन्निसाने, म्हणजे इकबालच्या आईने, त्यांना पाजले; तिच्या अंगावर तेव्हा रेहाना आपा पीत होत्या. त्या लोकांत एका बाईचे दूध प्यालेली मुले सख्खी भावंडे मानतात. त्यांचे आपसात लग्नही होत नाही. म्हणून इकबालने त्यांना मोजले होते. पुढे इकबाल झाला तेव्हा मेहरुन्निसाचे हात हलू लागले होते. घरच्या मोठ्यांनी ठरवले की आजार दुधातून उतरतो, लेकराला पाजू द्यायचे नाही. नसीमबाजींच्या आईच्या अंगावर तेव्हा धाकटी मुलगी पीत होती. तिने इकबालला पाजले.

"आपानं इकबालच्या अम्मीचं दूध पेलं, तिले झालं," नसीमबाजी म्हणाल्या. "मीबी पेली. आज ना उद्या मलेबी होईन. मंग शादी कायले करायची? माह्या दुधानं माह्या लेकराले?"

मी म्हणालो, "बाजी, हा आजार दुधातून येत नाही. आईबापाच्या बीजातून येतो. मूल जन्मायच्या आधीच ते ठरलेलं असतं. तुमचा या आजाराशी काही संबंध नाही."

मी कागदावरचे त्यांचे वर्तुळ खोडरबराने पुसले.

"खोडलं मले?" त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही.

इकबाल दाराला टेकून उभा होता. त्याने हात मागे घेतले होते.

"मंग माहं काय?"

सरांचे वाक्य आठवले. मी म्हणालो, "आईला आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता अर्धी असते. दूध कुणाचंही प्यालं असलं तरी. आज हात स्थिर आहेत यावरून काही कळत नाही. ज्याला जाणून घ्यायचं असेल त्याच्यासाठी वेगळी तपासणी आहे. घ्यायची की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

नसीमबाजी उठून त्याच्याजवळ गेल्या. तो म्हणाला, "बाजी, चहा ठेव." आणि गॅरेजकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मोटरसायकलवर आम्ही आर्णीला गेलो. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची झाडे) उभ्या होत्या. एका वळणावर मऊ मातीत चाक सरकले आणि आम्ही दोघे पडलो. माझे कोपर सोलले. इकबालने आधी डबा उचलून पाहिला, मग मला.

आपा अंगणात बाजेवर होत्या. हातपाय सारखे हलत होते. चेहरा मात्र इकबालचाच. मी त्यांच्याशी आणि त्यांच्या यजमानांशी बोललो, दोघांनीही रक्त घ्यायला होकार दिला. दिग्रसच्या डॉक्टरांनी तिथे पाठवलेल्या तंत्रज्ञाला शीर सापडेना, तेव्हा इकबालने आपांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. चहा आला. तो बशीतून त्यानेच त्यांना पाजला, फुंकर मारून, घोट घोट. काल त्याने आपले हात मला दाखवले होते. आज तो त्या हातांकडे बघायचे टाळत होता.

आपा अडखळत म्हणाल्या, "निकाहले... मले... नेजो."

"नेईन ना आपा. तुले सोडून करीन काय?"

परतीच्या एसटीवर सोडायला आला तेव्हा इकबाल म्हणाला, "शाहीनच्या घरी सांगा लागते, नाई?"

"ते मी कसं सांगू?"

"तुमाले नाई ईचारलं. मलेच ईचारून राह्यलो."

पुण्याला पोचलो तेव्हा डब्यातला बर्फ वितळला होता, पण नमुने चांगले निघाले. तो कागद अभ्यासाच्या फाइलीत गेला. आम्ही पुस्तकात शिकलो होतो की वंशवृक्षात फक्त रक्ताचे नाते दाखवतात. ते बरोबरच आहे. पण तो कागद हातात घेतला की पुसलेल्या जागेचा खरखरीतपणा बोटाला लागायचा, आणि काहीतरी राहिले असे वाटायचे. एकाच वाक्याने मी एका माणसाला मोकळे केले आणि दुसऱ्याला बांधले. दोन्ही वेळा ते वाक्य खरे होते. खरे सांगितल्यावर तिथून निघून यायचे असते, हे मला कुणी शिकवले नव्हते.

सरांनी तपासणीचा आणि सल्ला देणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता दिग्रसला कळवला. तिकडून पुष्कळ दिवस काहीच आले नाही. मीही विचारले नाही. मग पुढच्या कापसाच्या हंगामात विभागाच्या फोनवर नसीमबाजींचा आवाज आला.

"भाऊ, वळखलं काय? कागदावरून खोडलेली."

मी म्हणालो, ओळखले.

"माही शादी झाली. गल्लीतच घर घेतलं. नवऱ्याले मी आधीच सांगतलं, गाव सोडाले लावशीन तं राहू दे."

"आणि इकबाल?"

"त्यानं शाहीनच्या घरी जाऊन समदं सांगतलं. तिच्या अब्बानं नाई म्हटलं. पोरगी हटून बसली. ह्या सालात झाला निकाह. आपाले नेलतं. मंग दोघं जाऊन तपासणी करून आले. त्याले हाय, भाऊ."

"आता कसा आहे?" मी विचारले.

"आता तं हात बरोबर हाय त्याचे. गाड्या दुरुस्त करून राह्यला," त्या म्हणाल्या. "पुढं जवा लागन तवा चहा पाजाले मी हावच. दुधानं बिमारी येत नाई, तुमीच सांगतलं ना. पन भाऊ तं झाला."