उघडलेल्या लिंकचा रंग

आदरणीय वाघमारे सरांची आणि माझी पहिली भेट आमच्या तंत्रनिकेतनाच्या संगणक प्रयोगशाळेत झाली. पुण्याहून शिकून आल्याची मला तेव्हा भारी ऐट होती. सर शहराच्या छावणी भागातून जुन्या स्कूटरवर येत आणि उतरल्या उतरल्या मुलांचा घोळका त्यांच्याभोवती जमे. माझ्याकडे मुलं हजेरीपुरती येत. पहिल्या आठवड्यापासून मला सरांचा हेवा वाटू लागला. आज त्यांच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथात गोडगोड लिहून तो लपवणं मला जमणार नाही.

त्यांचा चांगुलपणाही मला सुखानं घेता आला नाही. माझी आई आजारी होती, तेव्हा कुणी न सांगता सरांनी पंधरा दिवस माझे तास घेतले. मी परतले तर पहिल्या बाकावरची मुलगी विचारते, "मॅडम, आता सर नाही येणार का?" मी सरांचे आभार मानले खरे, पण पोटात दुखतच होतं.

संस्थेची वेबसाइट मात्र माझी होती. सगळ्या पानांचं रूप एका जागी ठरवणारी स्टाइलशीट मी एकटीनं लिहिली होती. लिंकखालच्या रेघा काढून टाकल्या, सगळ्या लिंकना एकच गडद निळा रंग दिला. सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, उघडून झालेली लिंक वेगळी दिसू द्या. जांभळी चालेल."

"छान पानावर शाई सांडल्यासारखं दिसेल, सर," मी म्हटलं. ते हसून निघून गेले.

प्रवेशाच्या दिवसांत सरांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं आणि पैठणहून आलेल्या एका वडिलांशेजारी बसवलं. पानावर निवड याद्यांच्या चाळीसेक लिंक होत्या. ते गृहस्थ यादी उघडत, मुलीचं नाव शोधत आणि वहीच्या कागदावर फुली मारत. मी विचारलं, "हे काय करताय?"

"कोणती पाह्यली, कोणती नाय, काय बी कळंना बाई. समद्या सारख्याच दिसतात. सकाळधरनं तीच तीच उघडतोय."

मी तिथंच बसून स्टाइलशीटमध्ये दोन ओळी घातल्या. पाहिलेल्या याद्या जांभळ्या झाल्या, निळ्या सातच उरल्या. त्यांतल्या तिसरीत मुलीचं नाव होतं.

पुढच्या बैठकीत प्राचार्यांनी या बदलाचं कौतुक केलं. सर लगेच म्हणाले, "ही कुलकर्णी मॅडमची सुधारणा." मी मान खाली घालून टाळ्या घेतल्या. सरांचा एवढा राग मला कधीच आला नव्हता. मुलं त्यांची, माणसं त्यांची, आणि वर श्रेय सोडून देणंही त्यांना इतकं सोपं जावं!

या ग्रंथात माझ्या परिचयात 'प्रवेशयाद्यांचं पान सुलभ करणाऱ्या' असे शब्द छापायला दिले आहेत. संपादकांनी ते खोडावेत आणि सरांच्या कार्यात घालावेत, ही विनंती.

सर, आपल्याला निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. आपल्यावर जळण्यात माझी वीस वर्षं गेली. आपल्यासारखं वागून बघायला मला अजून थोडी वर्षं हवी आहेत, आणि तेव्हा आपण समोर असायला हवेत.